संध्याकाळचं व्होल्टेज

नलिनी टिपणीस कुणाच्याही घरात शिरायची. ओळख ना पाळख, सरळ कडी वाजवायची आणि म्हणायची, "मी वीज खात्यातून आलेय. तुमच्याकडे दिवा नीट लागतो का, एवढंच बघायचंय."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वीज खात्याचा माणूस दारात आला म्हणजे मीटर बघायला, नाहीतर वीज तोडायला, अशीच लोकांची समजूत. त्यात ही बाई. अंगावर सुती साडी, पायात रबरी तळाचे काळे बूट, खांद्याला भाजीची पिशवी. लोक आधी दचकायचे, मग गोंधळायचे आणि थोड्या वेळाने चहा विचारायचे. नलिनी पिशवीतली कोथिंबिरीची जुडी बाजूला सारून मीटर काढायची, त्याच्या वायरी भिंतीवरच्या प्लगात खुपसायची आणि काटा स्थिर होईपर्यंत घरातल्या बाईशी गप्पा मारायची. "संध्याकाळी ट्यूब फडफडते का हो? पंखा हळू होतो? किती वाजल्यापासून?" डॉक्टर पोट दाबून विचारतो ना, कुठे दुखतं, तसा तिचा स्वर असायचा.

मी बरोबर असायची, कारण मी आमच्या मुलुंडच्या ऑफिसात ड्रॉइंग सेक्शनला होते. कुठली लाइन कुठून निघते, कुठे फुटते, कुठे संपते, याचे नकाशे मी काढत असे. नलिनी टेस्टिंगची इंजिनियर. माझा नकाशा टेबलावर पसरून ती शेवटच्या खांबावर बोट ठेवायची. "शुभा, तुझ्या कागदावर लाइन इथे संपते. चल, तिथे कोण राहतं ते बघून येऊ."

"अगं, पण कशाला?"

"मग सेटिंग कुणासाठी लावायचं?"

हे सेटिंग म्हणजे काय, ते मला तिनेच समजावलं होतं. घरोघरी वीज दोनशे तीसच्या आसपास व्होल्टेजने यावी अशी अपेक्षा असते. पण दिवस पुढे सरकतो तसा भार बदलतो. सकाळी एल. बी. एस. रोडवरचे कारखाने सुरू होतात, संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही लागतात. भार वाढला की व्होल्टेज खाली जातं, आणि लाइन जितकी लांब तितकं शेवटच्या घरात जास्तच खाली. म्हणून सबस्टेशनमधल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला एक मोटर जोडलेली असते. ती फिरली की व्होल्टेज एक पायरी वर किंवा एक पायरी खाली येतं. आणि ती कधी फिरवायची हे ठरवणारी जेवणाच्या डब्याएवढी पेटी कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर बसवलेली असते. तिला सगळे रेग्युलेटर म्हणत. तिच्यावर चार-पाच बटणं. किती व्होल्टेज राखायचं, किती इकडेतिकडे चालवून घ्यायचं, फरक पडला तर किती वेळ थांबून मग हलायचं, वगैरे. ती बटणं लावणं हे नलिनीचं काम, आणि त्यातच तिचा जीव.

ती आमच्याकडे बदलून आली तेव्हा हा रेग्युलेटर जवळजवळ बंदच होता. तिथले ऑपरेटर म्हात्रे, कोपरीचे. तिशीपासून याच धंद्यात मुरलेला माणूस. त्यांनी तिला पॅनेलपाशी नेलं आणि ऑटोमॅटिकचं बटण दाबून दाखवलं. लगेच बाहेरून खटक आवाज आला. थोड्या वेळाने परत खटक. मग उलट्या दिशेने खटक.

"बघितलं ना मॅडम? याला खाज सुटलीय," म्हात्रे म्हणाले. "दिवसभर वर जातो, खाली येतो. मोटर जळेल एक दिवस. म्हणून आम्ही हातानेच करतो."

आधीच्या कुणी इंजिनियरने फार काटेकोरपणे तो लावला होता. व्होल्टेज जरासं हललं की पेटीने लगेच दुरुस्त करायचं. दुरुस्त केलं की ते दुसऱ्या बाजूला हलायचं, की पुन्हा दुरुस्ती. नलिनीने त्या दिवशी बटणांना हातसुद्धा लावला नाही. खुर्ची ओढून दारात बसली आणि दिवसभर तो आवाज ऐकत राहिली. मध्येच उठून बाहेर जायची, ट्रान्सफॉर्मरभोवती फेरी मारायची, परत येऊन बसायची. म्हात्रे मला हळूच म्हणाले, "ही काय, भजन ऐकायला आली का?"

दुसऱ्या दिवशी तिने दोन बटणं फिरवली. थोडं कमी-जास्त चालवून घे, आणि फरक पडला तरी लगेच धावू नकोस, तो टिकतो का बघ, एवढंच तिने त्या पेटीला सांगितलं. मग आम्ही तिघं वाट बघत बसलो. आवाज नाही. जेवणाची सुट्टी झाली, कारखाने परत सुरू झाले, तेव्हा कुठे एकदा खटक. म्हात्रे उठले, बाहेर जाऊन मोटरीवरून हात फिरवून आले.

"थंड आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "झकास केलं मॅडम."

त्या दिवसापासून म्हात्रे तिचे झाले. त्यांच्या बायकोने केलेल्या ओल्या बोंबलाच्या कालवणाचा डबा तिच्यासाठी यायला लागला. नलिनीला मासे म्हणजे सर्वस्व. ड्रॉइंग सेक्शनमधल्या शाकाहारी मंडळींना तोंड फिरवून बसावं लागे इतक्या प्रेमाने ती काटे काढायची. जेवताना ती कामाचं बोलत नसे, कुणाला बोलूही देत नसे. "कालवण निवेल," एवढंच म्हणायची.

तिला आणखी एक खोड होती. प्रश्न विचारला की ती लगेच उत्तर देत नसे. समोरच्याकडे बघत गप्प राहायची. नवख्या माणसाला वाटे, हिला ऐकू आलं नाही की राग आला? तसं काही नसे. साहेब लोकांची मात्र त्याने पंचाईत व्हायची. एकदा मुख्य ऑफिसातून मोठे साहेब पाहणीला आले होते. सगळं बघून खूश झाले आणि म्हणाले, "मिसेस टिपणीस, सबस्टेशनसाठी काय हवं ते सांगा. नवीन मीटर, टेस्ट सेट, काहीही." नलिनी नेहमीप्रमाणे गप्प. आमच्या ऑफिसचे प्रमुख करंदीकर साहेब मागून खाकरायला लागले. मग ती म्हणाली, "संडास हवा सर. इथे बायकांसाठी नाहीये. मी रोज पलीकडच्या क्वार्टर्समध्ये कुणाच्या तरी घरी जाते."

करंदीकर साहेब लाल झाले. पण दिवाळीच्या आत कंट्रोल रूमच्या मागे संडास बांधून झाला. ड्रॉइंग मीच काढलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातचं तेवढं एकच ड्रॉइंग असेल ज्याच्यासाठी मला कुणी मिठी मारली.

पण तिचं खरं लक्ष होतं भांडुपच्या टेकडीवर. आमच्या सर्वांत लांब लाइनीचं ते शेवटचं टोक. तिथे एका चाळीत परबबाई राहायच्या. मालवणकडच्या. नवरा गिरणीतून सुटल्यापासून घरीच होता आणि परबबाई मोटर लावलेल्या शिलाई मशीनवर परकर, ब्लाउज शिवून घर चालवायच्या. आम्ही गेलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. त्यांनी पायाने मशीन दाबून दाखवली. ती नुसतीच हुंहुं करत राहिली.

"बघ गो बाय. सकाळी बरी चलता. सांजेक नुसती गुणगुणता, फिरणा नाय. आणि काम तर सांजेकच येता सगळा."

नलिनीने मीटर लावला. काटा इतका खाली होता की मलाही कळलं. ती परबबाईंच्या मशीनपाशी उकिडवी बसून राहिली. म्हणाली, "मावशी, मला थोडे दिवस द्या."

त्या रेग्युलेटरमध्ये आणखी एक सोय होती, जी कुणी कधी वापरलीच नव्हती. तिला कॉम्पेन्सेशन म्हणायचे. लाइनीवर भार वाढला की लांबच्या घरांचं व्होल्टेज पडणार हे ओळखून सबस्टेशनमध्येच ते थोडं चढवून ठेवायचं. किती चढवायचं हे लाइनीच्या लांबीवरून आणि तारेच्या जाडीवरून काढायचं. त्यासाठी तिने माझ्याकडून टेकडीचा नकाशा नव्याने काढून घेतला, हिशेब केला आणि एका दुपारी बटणं लावली. संध्याकाळी आम्ही दोघी टेकडीवर गेलो. तर काय, चाळभर ट्यूब आधीपेक्षा जास्तच फडफडत होत्या!

परबबाईंनी मशीनवर फडकं टाकून ठेवलं, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. नलिनी मात्र मीटरकडे बघून फसकन हसली. "अगं शुभा, मी तिला पुढे जा म्हणते आणि ती मागे जातेय!" रेग्युलेटरला भार किती हे सांगणाऱ्या दोन तारा होत्या, त्या कुणीतरी बसवतानाच उलट्या जोडल्या होत्या. त्यामुळे भार वाढला की पेटीला वाटायचं कमी झाला. आजवर ती सोय वापरलीच नव्हती, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने तारा बदलल्या. त्या संध्याकाळी परबबाईंची मशीन फिरली. आधी सावकाश, मग घरघरत. परबबाईंनी सुईखाली कापडसुद्धा ठेवलं नव्हतं, तशीच रिकामी पळवत होत्या आणि म्हणत होत्या, "फिरली गो बाय, फिरली!" त्यांचा नवरा कॉटवरून उठून बसला आणि पहिल्यांदाच आमच्याकडे बघून हसला.

चार-पाच महिने बरे गेले. मग तो रविवार आला.

सबस्टेशनपासून अगदी जवळ, मुलुंडमध्येच, एक चार मजली सोसायटी होती. तिथे रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर सिनेमा चालू असताना धडाधड टीव्ही गेले. कलर टीव्ही नुकते नुकते घरात यायला लागले होते. लोकांनी ते झालरीचं कापड घालून देव्हाऱ्यासारखे मांडले होते. कुठे काच काळी पडली, कुठे आतून धूर आला, दोन फ्रिज गेले, दिव्यांची तर गणतीच नाही. सोमवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी वैद्य घोळका घेऊन ऑफिसात आले.

"जवळच्या घरांना जास्त व्होल्टेज द्यायचा काहीतरी प्रयोग तुमच्याकडे चालू आहे म्हणे!" ते ओरडले. "आम्हाला कळलंय. एका बाईंनी केलाय."

ते कुठून कळलं ते कळलं नाही, पण त्यात अर्धं खरं होतं. संध्याकाळी सबस्टेशनला व्होल्टेज चढवलं की जवळच्या घरांना ते थोडं जास्त मिळतंच. नलिनीने ते किती होऊ द्यायचं याची मर्यादा घातली होती. पण आता ती मर्यादा कोण ऐकून घेणार?

करंदीकर साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. त्यांनी नलिनीला केबिनमध्ये बोलावलं. मी नकाशे घेऊन तिथेच उभी होते.

"टिपणीस, तुम्ही हे कुणाच्या परवानगीने केलंत?"

"तुमच्याच सर. तुमची सही आहे."

"हो, पण मला काय माहीत त्याने असं होईल!" साहेबांनी रुमालाने मान पुसली. "आज ते बंद करा. वरून चौकशी लागणार. मी तुम्हाला वाचवायचा प्रयत्न करतो, पण चूक झाली असं तुम्ही लिहून दिलंत तर सोपं जाईल. फार तर बदली होईल."

नलिनी गप्प. या वेळी तिचं ते गप्प राहणं मला बघवेना.

"चूक झाली असेल तर लिहून देईन सर," ती शेवटी म्हणाली. "पण झाली का ते मला अजून माहीत नाही. दोन दिवस द्या."

कॉम्पेन्सेशन तिने स्वतःच्याच हाताने बंद केलं. म्हात्रे बाजूला उभे होते. म्हणाले, "मॅडम, टेकडीची वाट लागली परत." तिने मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "शुभा, माझंच चुकलं असेल गं. कुणाच्या घरात आग लागली असती तर?" तिच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. तिला हिशेब तीनदा तपासताना मी बघितलं होतं, तरी त्या क्षणी मलाही खात्री वाटेना.

दुपारी ती त्या सोसायटीत गेली. मी बरोबर गेले, कारण तिला एकटीला जाऊ देणं मला बरं वाटेना. पहिल्याच दारात एका गृहस्थांनी तिला जिन्यावरून खाली जा म्हणून सांगितलं. दुसऱ्या घरातल्या बाईंनी टीव्हीवरचं कापड उचलून काळी पडलेली काच दाखवली आणि रडायलाच लागल्या. हप्त्यावर घेतलेला होता. नलिनी त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "मला फक्त सांगा, नेमकं काय झालं. आधी काय झालं, मग काय झालं." ज्यांचं काही गेलं होतं त्या प्रत्येक दारात तेच विचारायची. उत्तरही तेच. दिवा एकदम लख्ख झाला, मग फट्ट.

वर चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन आम्ही परत उतरत होतो. तळमजल्यावर एक दार राहिलं होतं. तिथे प्रधानकाकू म्हणून एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाई होत्या. त्यांनी दार उघडलं आणि आधीच म्हणाल्या, "माझं काही गेलं नाही हो. उगाच कशाला खोटं सांगू? माझा फ्रिज ठीक आहे."

"बरं झालं काकू," नलिनी म्हणाली आणि वळली.

"फक्त दिवा मेणबत्तीसारखा झाला होता. मी इस्त्री करत होते, ती पण थंड पडली. मला वाटलं, गेली वीज."

नलिनी तिथेच थांबली. "परत सांगा काकू. दिवा लख्ख झाला?"

"नाही ग बाई, मंद झाला. पार मंद. आणि तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला."

नलिनीने माझा दंड इतका घट्ट धरला की मला दुखलं. मग ती दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाली. मघाशी हाकलून देणाऱ्या गृहस्थांच्या शेजारचं दार वाजवलं, आम्ही तिथे 'काही गेलं नाही' म्हणून फार विचारलंच नव्हतं. तिथेही दिवा मंद झाला होता. तिसऱ्या मजल्यावर एका घरात पंखा थांबायला आला होता.

"सबस्टेशनने व्होल्टेज चढवलं असतं तर सगळ्यांचंच चढलं असतं ना गं!" ती जिन्यातच मला म्हणाली. "अर्ध्यांचं चढलं आणि अर्ध्यांचं उतरलं. एकाच वेळी. न्यूट्रल तुटलाय, शुभा. इथेच, या बिल्डिंगमध्ये."

खाली मीटर रूममध्ये सेक्रेटरी वैद्यांना बोलावलं, आमच्या लाइनमनला बोलावलं. वीज बंद करून त्याने भिंतीवरची मुख्य पेटी उघडली. आत एक जाड तार, तिच्या टोकाचा बोल्ट ओलाव्याने गंजून सैल झालेला, आणि भोवती सगळं काळंठिक्कर जळलेलं. ती तार म्हणजेच न्यूट्रल, सगळ्या घरांची वीज परत जायची एकच वाट. नलिनीने वैद्यांना नीट समजावलं. ती वाट तुटली की घरं एकमेकांतच ओढाताण करायला लागतात. ज्यांच्याकडे त्या वेळी जास्त काही चालू असेल, इस्त्री वगैरे, त्यांच्या वाट्याला व्होल्टेज कमी येतं. ज्यांच्याकडे नुसता एक दिवा आणि टीव्ही, त्यांच्याकडे ते जवळजवळ दीडपट चढतं.

वैद्यांनी वाकून तो जळका बोल्ट बघितला. मग म्हणाले, "म्हणजे आमच्याच बिल्डिंगमध्ये आग लागली असती."

"हो."

"आणि आम्ही नुसतंच तुमच्यावर ओरडून घरी गेलो असतो तर पुढच्या वेळी लागलीच असती."

त्यांनी तिला वर घरी चला म्हटलं. ती नको म्हणाली. लोक पांगल्यावर ती जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर मटकन बसली. एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. प्रधानकाकूंनी दारातून ते बघितलं आणि काही न विचारता कोकम सरबताचे दोन पेले आणून दिले.

करंदीकर साहेबांचाही जीव भांड्यात पडला. इतका, की त्यांनी उत्साहाने रिपोर्टमध्ये 'सोसायटीची सदोष वायरिंग' असं लिहायला घेतलं.

"सर, बोल्ट आपल्या पेटीतला आहे," नलिनी म्हणाली.

"अहो, पण तुम्ही सुटलात ना! आता कशाला?"

"आपल्या पेटीतला आहे," ती परत म्हणाली. "आणि अशा जुन्या पेट्या आणखी किती बिल्डिंगमध्ये असतील."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि ते वाक्य खोडलं. पुढे त्या लोकांचे टीव्ही खात्याने दुरुस्त करून दिले. पावसाळ्याआधी मुलुंडमधल्या सगळ्या जुन्या पेट्या उघडून बघायचं काम निघालं, त्यात अशा आणखी कितीतरी सापडल्या. पण नलिनीने त्याची कुठे वाच्यता केली नाही. रिपोर्ट गेला त्याच दुपारी ती कंट्रोल रूममध्ये गेली आणि तिने कॉम्पेन्सेशनची बटणं होती तशी लावली. म्हात्र्यांनी विचारलं, "चालू करायचं, मॅडम?" ती म्हणाली, "करा." संध्याकाळ होत आली तशी बाहेर मोटर फिरली. खटक. म्हात्रे म्हणाले, "चला, परबबाई शिवायला बसल्या." आम्ही तिघंही इतके हसलो की क्वार्टर्समधून कुणीतरी डोकावलं.

त्यानंतर वर्षभराने नलिनीने स्वतःच बदली मागून घेतली. पार्ल्यात ती आणि तिची आई दोघीच राहायच्या. मिस्टर टिपणीस तिच्या आयुष्यात फार थोडी वर्षं होते, त्याबद्दल ती बोलत नसे. आता आईला गावच्या घरी जायचं होतं आणि खात्याचं एक सबस्टेशन तिथून जवळच होतं. ऑर्डर निघाली तेव्हा मला वाईट वाटलं, आणि तिचा चेहरा बघून बरंही वाटलं.

कुर्ल्याला नेहरूनगरच्या डेपोतून कोकणच्या गाड्या सुटायच्या. मी सकाळी तिला पोचवायला गेले. तिच्यासाठी बटाट्याच्या सळ्या आणि सुपारी घेतली होती. मला जरा उशीरच झाला. फलाटावर पोहोचले तेव्हा गाडी लागलेली होती, सामान टपावर चढलेलं होतं. खिडकीतून आत बघितलं तर नलिनी झोपलेली. सगळी बांधाबांध तिनेच केली होती ना. डोकं आईच्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे सोडलेले. पायात त्या काळ्या बुटांऐवजी चपला होत्या.

मी खिडकीच्या गजावर टकटक करणार, तेवढ्यात आईंनी ओठांवर बोट ठेवलं. मी पुडा त्यांच्या हातात दिला. "उठवू का गं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नको," मी म्हटलं. "झोपू दे."

कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी हलली, तशी तिची मान जराशी घसरली. आईंनी हाताने ती सावरली. गाडी डेपोच्या फाटकातून वळून बाहेर पडली, तरी ती झोपलेलीच होती.